बिबड्यांच्या शेजारी

सावद्याच्या सरोदेंची तक्रार एका ओळीची:
तुमचं यंत्र दुपारी खोटं बोलतं.

केळीच्या पानाआड मी लावून दिलेला काचेचा डोळा
दिवसभराचं ऊन कणाकणानं
कपॅसिटरमध्ये साठवत जातो.
दिवेलागणीला ट्रान्झिस्टरनं दार उघडायचं,
साठलेलं सगळं सांडायचं,
उद्या पुन्हा शून्यापासून.
त्याला काम असं क्षणभराचंच.
उरलेला दिवस नुसतं बंद राहायचं.

बंद राहणंच अवघड असतं,
हे मला कुठं ठाऊक होतं?

पहाटे माझ्या टेबलावर तो घट्ट, मुका.
पण भुसावळचा मे,
पत्र्याखाली पारा सेहेचाळीस,
आणि दर दहा अंशांना गळती दुप्पट.
बंद दाराखालून ऊन निसटत राहतं,
आवाज नाही, ओल नाही,
संध्याकाळी आकडा मात्र भरत नाही.

मग जळगावहून महागाचा फेट आणला.
गळती म्हणावी तर नाहीच.
पण याचा पिंडच उघडा,
मिटून राहायला मानेवर सतत उलटा दाब हवा.
त्याच आठवड्यात बागेतली लाइट चार तास गेली,
दाब सुटला,
आणि त्यानं भर दोनला
अख्खी सकाळ सांडून टाकली.

झोपेकाका हसले.
छत्तीस वर्षं रेल्वेच्या सिग्नल खात्यात,
माझा चांगला सोल्डरगन नेलेला, अजून परत नाही.
म्हणाले, जुनाच घे, पण निवडून घे, डाळीसारखा.
डेटाशीटवर लिहिलेली गळती ही
कारखान्याच्या घाईची असते, पोरी.
त्यांना एकेकापाशी बसायला वेळ नाही,
म्हणून छापतात भीतीचा आकडा.
तुले वेळ आहे ना?

होता.

एकाच पुडीतले बारा.
आधी स्पिरिटनं पुसले,
बोटाचा घामसुद्धा वाट काढून देतो विजेला.
प्रत्येकाला एक कपॅसिटर, पाच व्होल्ट भरून,
आणि ताट गच्चीवर,
जाऊबाईंच्या वाळत्या बिबड्यांच्या शेजारी.
शेजारच्या बोंडेकाकू कठड्यावरून विचारत्या झाल्या,
हे कशाचं वाळवण व माय?

दर दहा मिनिटांनी मी मीटर लावायला धावायची,
तर काका खालून ओरडले:
हात नको लावू!
मीटर बी तहानलेलंच असतं,
सारखं सारखं तोंड लावलं तं तेच पिऊन जाते.

तेव्हा तासभर पाठ फिरवून बसले.
ते जमायला मला तीन दुपारी लागल्या.
पहिल्या दिवशी राहवलं नाही, दोनदा डोकावले,
आणि माझ्या शंकेनंच चार जण रिकामे केले.

तिसऱ्या दुपारी, तास भरल्यावर, एकेकदाच टेकवलं:
पहिला कोरडाठाक.
दुसऱ्यात, तिसऱ्यात थोडा गाळ.
पाचव्याचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत घसरत गेला.
आणि सातवा,
तोच छाप, तीच पुडी, तोच रुपया-दोन रुपयांचा,
चार पूर्णांक नऊ.
पुन्हा लावून पाहण्याचा मोह मी गिळला.

त्याच्या डोक्यावर नखाच्या लाल पॉलिशचा ठिपका दिला,
गर्दीत हरवू नये म्हणून.
पाचवा फेकला नाही,
तो आता काकांच्या दारावरच्या घंटीत आहे,
तिथं गळण्याचं कुणाला काही नाही.

काल सरोदेंचा फोन.
आकडा सांगितला, वर म्हणाले,
आता बरोबर वाटतंय ऊन.
मी विचारलं, दुपारचं?
म्हणाले, दुपारचंच.

सात वाजले होते.
सावद्याला त्या क्षणी सातव्यानं दार उघडलं असेल,
दिवसभर जपलेलं
मागं वळून न बघता सोडलं असेल,
आणि पुन्हा लावून घेतलं असेल.

गच्चीवरच्या बिबड्या मी उतरवायला गेले.
एक वाकडी, जरा ओली राहिलेली,
तिथंच उभी राहून खाल्ली.